सावलीचा सातबारा

गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. म्हणोत बापडे. वाघमारे साहेबांना जाऊन दुसरा उन्हाळा लागला, तरी माझा राग काही खाली बसत नाही. सकाळी आरशासमोर सनस्क्रीनची ट्यूब हातात घेतली की आधी तो वर येतो. मग मी एकटीच पुटपुटते, घ्या, लावून राहिले बघा, कानाला पण. आमच्या घरच्यांना वाटतं, उन्हात फिरून फिरून हिच्या डोक्यावर परिणाम झाला.

साहेब म्हणजे आमच्या उदगीरच्या कार्यालयातले सगळ्यात जुने भूकरमापक. शेतकरी मोजणीदार म्हणतात. बांधावरून भांडण लागलं, भावाभावांत वाटण्या झाल्या, शेजाऱ्यानं दोन सरी आत नांगर घातला, की मोजणीचा अर्ज येतो आणि आम्ही शेतात जाऊन हद्दीच्या खुणा दाखवून देतो. मी देगलूरची, नवी लागलेली, आणि नशिबानं मला शिकायला ह्यांच्याच हाताखाली दिलं. उंच, काटकुळा माणूस. रंग काळासावळा. डोक्यावर कापडी टोपी, तिची सावली पडायची ती फक्त कपाळावर. शर्टाच्या खिशात ब्लेडनं टोक काढलेल्या दोन पेन्सिली आणि एक लहानशी डायरी. चारचौघांत मला मॅडम म्हणायचे आणि जीपमध्ये बसलं की पोरी.

पहिल्याच मोजणीला मला कळलं की हे प्रकरण जड जाणार. वैशाखाचे दिवस, साडेबारा वाजलेले. आख्ख्या शिवारात एकच चिंच होती, मी डबा घेऊन सरळ तिच्याखाली जाऊन बसले. बघते तर साहेब नांगरटीच्या ढेकळांत, डोक्यावर भर ऊन घेऊन, उभ्या उभ्या भाकर खाऊन राहिले. मला हातानं बाहेर बोलावलं आणि विचारलं, ही चिंच कोणाची? मी म्हणाले, मला काय माहीत साहेब, चिंच आहे.

"अर्जदाराची हाय. अन् समोरचा तिकडून बघून राहिला. आता त्यो गावात जाऊन काय सांगंल? मॅडम त्याच्या चिंचंखाली बसल्या व्हत्या, मोजणी त्याच्याच बाजूनं होणार." मग भाकरीचा तुकडा तोंडात टाकत म्हणाले, "सावलीला बी सातबारा असतो, पोरी."

त्या दिवसापासून पाच वर्षं मी सावली पाहिली ती लांबूनच. दोन्हीकडच्यांपैकी कोणाचंच काही घ्यायचं नाही, हा त्यांचा कायदा. पाणी घरून आणलेल्या कॅनमधलं. चहा नाही. कोणी शेंगा पुढं केल्या तर हात मागं. एकदा जीप बंद पडली. अर्जदाराचा मुलगा मोटारसायकल घेऊन जीपपाशी उभा, आणि हे मला घेऊन फाट्यापर्यंत पायी निघाले. मुलगा बिचारा मागून गाडी ढकलत आला, कारण साहेब चालताना आपण गाडीवर कसं बसावं. पाच किलोमीटर अशी आमची मिरवणूक. माझ्या चपलेचा अंगठा तुटला तेव्हा मी जे मनात बोलले ते इथं लिहिता येणार नाही.

बरं, ज्याचं त्याचं ऊन त्यानं अडवावं म्हटलं तर तेही नाही. मी छत्री आणली. म्हणाले, छत्रीच्या काड्या लोखंडाच्या, होकायंत्राची सुई हालते. मी म्हणाले, साहेब, आता मशीन आभाळातल्या उपग्रहावरून माप घेतं, सुई आहे कुठं? त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, तरी पण. तोंडाला रुमाल बांधा म्हटलं तर म्हणाले, तोंड बांधलेला मोजणीदार पाहिला की लोकांना वाटतं ह्याला काहीतरी लपवायचंय. म्हणजे झाड नाही, छत्री नाही, रुमाल नाही. राहता राहिली ती कातडी.

पहिल्याच उन्हाळ्यात माझे गाल भाजून निघाले होते. नांदेडच्या कातडीच्या डॉक्टरांनी सनस्क्रीन दिलं. बाहेर पडायच्या आधी वीस मिनिटं लावायचं, आणि उन्हात असलं की दर दोन तासांनी पुन्हा. हे बरं, म्हटलं, न दिसणारी छत्री. एक ट्यूब साहेबांसाठी घेऊन गेले. त्यांनी ती उलटीपालटी करून वाचली आणि विचारलं, "तुझ्या मामाचं शेत ह्याच तालुक्यात हाय ना?"

मी म्हणाले, हाय.

"मग नको. उद्या मामाची मोजणी निघाली तर?"

मी कपाळावर हात मारून घेतला. वर म्हणतात कसे, आम्ही काळी माणसं, आमाला ऊन काय नवं हाय, ही गोऱ्या लोकांची सोंगं. मी सांगितलं की डॉक्टर म्हणतात, काळ्या कातडीला त्रास कमी होतो, होतच नाही असं नाही. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी मी त्यांच्या घरी जाऊन काकूंना गाठलं. काकू त्यांच्याहून दहा पटीनं शहाण्या. त्यांनी आपल्या हातानं मेडिकलमधून ट्यूब आणली, दाढीच्या आरशापाशी ठेवली आणि नवऱ्याला विचारलं की बायकोच्या नावावर तर काही सातबारा नाही ना. साहेबांनी ट्यूबचं झाकण उघडलं.

दुसऱ्या दिवशी साहेब आले ते पांढरेफटक. ती ट्यूब जुन्या पद्धतीची, लावली की थर बसायचा. शेतावर पोचलो तर एक म्हातारा शेतकरी त्यांना निरखून म्हणाला, साहेब, पिठाची गिरणी टाकली का काय? पंच हसले, लगतचे खातेदार हसले, आमचा जीपवाला तोंड फिरवून हसला. साहेबांनी रुमालानं सगळं पुसून टाकलं आणि पुढं दोन महिने त्या ट्यूबला हात लावला नाही. मग मी पांढरं न पडणारं, पाण्यासारखं पातळ शोधून काकूंना नाव सांगितलं. ते आणलं तर साहेबांनी नवाच घोळ घातला.

एका सकाळी कार्यालयात माझ्या टेबलापाशी आले, हातात स्टीलची पट्टी. दोन बोटांच्या लांबीइतकं लावायचं असं तू म्हणालीस, तर ती दोन बोटं कोणाची, माझी का तुझी? मला वाटलं चेष्टा करून राहिले. चेष्टा कसली. त्यांनी माझी दोन बोटं पट्टीनं मोजली, स्वतःची मोजली, आणि दीड सेंटिमीटरचा फरक निघतो म्हणून चिंतेत पडले. समोर तीन शेतकरी अर्ज घेऊन उभे. मी वैतागले. म्हणाले, साहेब, ज्याची त्यानं बोटं. चेहरा आणि मान. संपलं.

त्यांनी डायरी काढली आणि पेन्सिलीनं लिहून घेतलं. चेहरा, मान. दोन बोटं, स्वतःची.

त्यानंतर मात्र माणूस चुकला नाही. सकाळी जीपमध्ये बसले की मी विचारायच्या आत सांगायचे, लावलं. दुपारी पुन्हा लावायची वेळ झाली की मोजणी थांबवून जीपच्या मागं जायचे, पाठ फिरवून उभे राहायचे आणि रुमालानं हात पुसत परत यायचे. लोकांना वाटायचं साहेब लघवीला गेले. मी म्हणायचे, समोर लावा की, औषध आहे. तर म्हणायचे, मोजणी चालू असताना मोजणीदारानं स्वतःच्या तोंडाकडं बघू नये. पण लावायचे, रोज लावायचे, आणि मला वाटायचं की चला, ह्या हट्टी माणसाकडून आपण एक तरी गोष्ट करून घेतली.

एकदाच, देवणीकडून परत येताना, मी चिडून विचारलं होतं की हे सावलीचं खूळ आलं कुठून. साहेबांनी आधी काच खाली केली. मग खिडकीबाहेर बघत सांगितलं.

"माझ्या बापाला दोन एकर मिळालं व्हतं. पाटलानं मोजणी लावली. मोजणीदार आला. आमच्या घरचं पाणी घेतलं न्हाई त्यानं. पाटलाच्या आंब्याखाली बसला, जेवला, जरा पडला बी. उठला अन् बांध आमच्या अंगावर आणून ठिवला. त्यानं पैसे खाल्ले का न्हाई, मला म्हाईत न्हाई. पण बाप मरंपर्यंत म्हणायचा, त्यो सावलीत बसला तवाच मला कळलं."

त्या दिवसानंतर झाडावरून मी त्यांच्याशी भांडले नाही. बाकी सगळ्यावरून भांडत राहिले.

चौथ्या उन्हाळ्यात त्यांच्या डाव्या कानाच्या वरच्या कडेला एक खपली दिसली. चष्म्याची दांडी घासती, म्हणाले. पावसाळा गेला, दिवाळी गेली, खपली तिथंच. पडायची, पुन्हा धरायची. काकू रात्री हळद लावायच्या, साहेब सकाळी धुऊन टाकायचे. एक दिवस कॉलरवर रक्ताचा डाग दिसला आणि मी त्यांना टेबलापाशीच गाठलं. विचारलं, कानाला लावता ना?

साहेबांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मीच काहीतरी वेड्यासारखं बोलले. "कान? कान चेहऱ्यात कुठं धरतात?"

आणि डायरी काढली. ते पान उघडून माझ्यासमोर धरलं. चेहरा, मान. दोन बोटं, स्वतःची. खाली त्यांच्या त्या सुबक हातानं काढलेला लहानसा नकाशा, माणसाच्या डोक्याचा. कपाळावर केस सुरू होतात तिथून हद्द निघालेली, कानाच्या पुढून खाली उतरलेली, गळ्याला वळसा घालून दुसऱ्या कानाच्या पुढून वर गेलेली. दोन्ही कान रेघेच्या बाहेर. तीन वर्षांहून जास्त हा माणूस रोज त्या रेघेपर्यंत लावत आला होता आणि रेघेच्या पलीकडं एक ठिपका जाऊ दिला नव्हता. दुसऱ्याच्या हद्दीत बोट घालायचं नाही, ही आयुष्यभराची सवय. मी त्यांना काय नाही बोलले त्या दिवशी. माणसाला अक्कल असते, मी म्हणाले, कान काय दुसऱ्या कोणाचे असतात का. ते शांतपणे म्हणाले, तू सांगितलंस तसंच केलं, पोरी. आणि ते खरं होतं. मी चेहरा आणि मान म्हणाले होते. कान म्हणायचं मला सुचलं नव्हतं. माझा राग जात नाही तो ह्याच्यामुळं. त्यांच्यावरचा अर्धा राग माझा माझ्यावरच आहे.

लातूरच्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला. कॅन्सर निघाला, कातडीचा. ह्याला एकच कारण नसतं, डॉक्टर म्हणाले, पण इतक्या वर्षांचं ऊन त्यात आहेच. आधी आला असता तर थोडक्यात भागलं असतं. आता अर्धा कान काढावा लागला. काकू आणि मी बाहेर बाकावर बसून होतो, काकूंनी माझा हात सोडला नाही. आत साहेबांनी शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांना पहिला प्रश्न काय विचारला असेल? कापताना चारी बाजूंनी किती सोडून कापलं? डॉक्टरांनी मापं सांगितली. साहेब खूष झाले. माणूस हद्द सोडून काम करतो, म्हणाले, हिशेबी आहे.

घरी आल्यावर मी त्यांची डायरी मागून घेतली आणि लाल पेनानं लिहिलं, चेहरा, मान, कान. तीन बोटं. त्यांनी वाचलं आणि डायरी परत माझ्यापुढं सरकवली. दुरुस्ती केली की खाली सही लागते, तारखेसकट. मी सही केली.

डॉक्टरांनी ऊन बंद सांगितलं होतं. निवृत्तीला दोन महिने उरले होते. वरच्या साहेबांनी त्यांना टेबलाचं काम दिलं आणि मी सुटकेचा निःश्वास सोडला. पण देवणीकडच्या नरसिंग आणि माधव ह्या दोन सख्ख्या भावांची मोजणी अडलेली होती. दोनदा झालेली, दोनदा नाकारलेली. सहा वर्षं एकमेकांशी बोलणं नाही. ते दोघं एकाच गोष्टीवर एक झाले होते, वाघमारे साहेब येणार असतील तरच सही करू. झालं. मी कार्यालयात आदळआपट केली, काकूंना फोन लावला. काकू म्हणाल्या, मी सांगून थकले, आता तू तरी सोबत जा.

गेलो. बांधावर नरसिंगचा कडुनिंब, गार सावलीचा. साहेब अर्थातच उन्हात. जुन्या खुणा सापडेनात, तास गेला, दुसरा गेला. दोन्ही भाऊ आपापल्या बाजूला हाताची घडी घालून उभे. त्यांची आई बांधाच्या टोकाला बसलेली. म्हातारी एक महिना ह्याच्याकडं, एक महिना त्याच्याकडं राहायची. बारा वाजता मी पाहिलं तर साहेबांच्या त्या अर्ध्या कानाची नवी कातडी लालबुंद झाली होती. माझा तोल गेला. सरकारी नोकरी, पंच, सगळं विसरून मी त्या दोघांना म्हणाले,

"ह्या माणसाचा कान बघा. कॅन्सर झाला म्हणून कापलाय. डॉक्टरनं ऊन बंद केलंय, आणि तुम्ही एकमेकांवर विश्वास ठेवीना म्हणून हे सावलीत बसत न्हाईत. वीतभर बांधापायी आता काय जीव घेता का त्यांचा?"

साहेब माझ्यावर भडकले. मॅडम, मोजणीत मधे बोलायचं न्हाई, म्हणाले. भाऊ खाली बघू लागले. तेवढ्यात म्हातारी उठली, घराकडं गेली आणि काखेत आपली वाकळ घेऊन आली. जुन्या लुगड्यांची, हातानं शिवलेली, जाडजूड. दोन्ही लेकांना आणि दोन्ही सुनांना तिनं एकेक टोक धरायला लावलं.

साहेबांनी विचारलंच. "वाकळ कोणाची?"

"माझी," म्हातारी म्हणाली. "मी शिवल्याली. ह्यांच्या वाटणीत आली न्हाई ती. मी बी न्हाई आले."

साहेबांनी वाकळीचं एक टोक हातात घेऊन शिवण पाहिली. मग भावांना तोवर मोजलेल्या रेघेच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर उभं केलं, ते पावलं टाकून तपासलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत पाच वर्षांत पहिल्यांदा शेतात सावलीला गेले. तिथं उभं राहून खिशातून ट्यूब काढली. जीपच्या मागं गेले नाहीत. सगळ्यांच्या समोर तीन बोटांवर तीन रेघा ओढल्या आणि चेहऱ्याला, मानेला, कानांना लावल्या. कापलेल्या कानाला जरा जपून. कोणी हसलं नाही. वर वाकळ एका बाजूला झुकली तसा माधव म्हणाला, वर धर जरा. नरसिंगनं वर धरली. मोजणी तीनला संपली आणि दोघांनी सही केली.

निवृत्तीनंतर सहा महिन्यांनी साहेब मला उदगीरच्या बसस्टँडवर दिसले. कानाखाली मानेला गाठ आली होती, तिच्या तपासणीचा रिपोर्ट आणायला लातूरला निघाले होते. काकूंना ताप होता म्हणून एकटेच. एवढी मोठी शेड सोडून हा माणूस दोन हात बाहेर उन्हात उभा. मी तिथूनच ओरडले, साहेब, ही सावली एसटीची हाय, कोणाच्या बापाची न्हाई. तेव्हा कुठे आत आले. त्या भावांनी रोवलेले दगड जागेवर आहेत का, हे पहिलं विचारलं. मी म्हणाले, जागेवर आहेत, पण भाऊ अजून बोलत नाहीत. साहेब म्हणाले, बोलणं आपलं काम न्हाई, दगड आपलं काम. गाठीबद्दल मी विचारलं तर, बघू की, एवढंच. बोलताना हात मात्र सारखा मानेकडं जायचा.

बस लागली. चढले. मी खाली उभी राहून बघते तर सावलीच्या बाजूची खिडकी एका लेकुरवाळीला देऊन गडी नेमका उन्हाच्या बाजूला जाऊन बसलेला. अंगाचा तिळपापड झाला माझ्या. मी पलीकडून धावत त्या बाजूला गेले आणि हातवारे करून सांगू लागले, तिकडं सरका, त्या बाजूला बसा. काचेतून त्यांना काय कळलं कोण जाणे. त्यांनी टोपी काढली, मान वळवून तो अर्धा कान मला दाखवला. उन्हात चकचकत होता, लावलेलं दिसत होतं. मग काचेला टेकवून तीन बोटं वर केली. बस हलली तरी ती तशीच धरून ठेवली होती. मी मान हलवली, तेव्हा खाली घेतली.